नाल उतरवल्यावर: उतारवयातील लंगड्या घोड्याची देखभाल

मित्रहो, उतारवयातला, लंगडणारा घोडा कामातून काढायचा म्हणजे त्याचे नाल काढायचे, दावे सोडायचे आणि त्याला माळावर मोकळा करायचा, एवढेच आपण समजतो. माथेरानच्या तांबड्या वाटांवर स्वार वाहून थकलेला घोडा असो, शर्यतींतून रायडिंग क्लबात आणि तिथून वरातीत पोहोचलेला थरोब्रेड असो, किंवा एखाद्या हौशी माणसाच्या दारचा काठियावाडी असो, त्याला अशी मोकळीक दिली की मालकाला आपले कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. माझे म्हणणे असे आहे की नाल उतरवल्याने देखभाल संपत नाही. आजवर जे काम लोखंड करीत होते ते यापुढे जमिनीने, नालबंदाच्या कानशीने आणि चाऱ्याने करायचे असते. आणि ते होते आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आपलीच राहते.

पहिला प्रश्न, घोडा कशामुळे लंगडतो आहे. अश्ववैद्य लंगडेपणा ० ते ५ अशा मोजपट्टीवर मोजतात. तीनवर तो दुडक्या चालीत प्रत्येक वेळी दिसतो, चारवर साध्या चालीतही लपत नाही, आणि पाचवर घोडा त्या पायावर भार द्यायलाच तयार नसतो. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या जुन्या संधिवाताने दुडक्या चालीत अडखळणारा घोडा कुरणावर बहुधा सुखी होतो, कारण चरताना तो दिवसाकाठी अनेक तास सावकाश पावले टाकतो आणि आखडलेले सांधे सैल राहतात. अगाडी-पिछाडीचे दोर लावून ठाण्यावर उभ्या असलेल्या घोड्याला हे लाभत नाही. साध्या चालीतही ज्याचे दुखणे दिसते, त्याला मात्र तपासणी आणि क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय माळावर सोडणे म्हणजे त्याचे दुखणे आपल्या नजरेआड करणे होय. लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे खुराच्या आतल्या थरांच्या दाहामध्ये, खुरातले हाड फिरलेले असेल, तर आधार देणारा विशेष नालच काही काळ त्याला उभा ठेवतो. अशा वेळी अनवाणी ठेवण्याचा आग्रह धरणे मला तरी क्रौर्य वाटते.

आता खुराकडे वळू. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणून लंगडेपणही बहुतेक वेळा पुढेच आढळते. नाल ठोकलेला असतो तेव्हा भार मुख्यतः खुराच्या बाहेरच्या भिंतीवर येतो. नाल उतरवला की तळवा, टाच आणि मधोमध असलेली मऊ, त्रिकोणी गादी हेही भार वाटून घेतात आणि पाऊल टेकताना खूर मागच्या बाजूने किंचित फाकतो. हे इष्ट आहे, पण वर्षानुवर्षे नालावर चाललेल्या खुराचा तळवा पातळ असतो, टाच खचलेली असते आणि पुढची बाजू लांबलेली असते. टाच दुखणारा घोडा पुढची कड आधी टेकवतो, आणि तसे टेकवल्यामुळे टाच आणखी दुबळी राहते. हे चक्र मोडायला वेळ लागतो, कारण खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो आणि पुढची भिंत वरपासून खालपर्यंत नवी व्हायला ९ ते १२ महिने लागतात. म्हाताऱ्या जनावरात त्याहूनही अधिक.

म्हणून आपल्या हवामानात नाल दसऱ्यानंतर उतरवावेत, मृगाच्या तोंडावर नव्हे. पावसाचा जोर ओसरलेला असतो, जमीन चिखलाची नसते आणि उन्हाळ्यातल्यासारखी दगडही झालेली नसते. जूनपर्यंत खुराचा मोठा भाग नवा झालेला असतो. नाल काढताना तळवा कोरू नये, हे नालबंदाला आवर्जून सांगावे. जाड तळवा हीच त्या खुराची ढाल असते. भिंतीची कड कानशीने गोल करावी, म्हणजे जुन्या खिळ्यांच्या भोकांपाशी कपरे उडत नाहीत. त्यानंतर दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. घोडा चालून चालून स्वतःच खूर झिजवून घेईल, ही कल्पना लंगड्या घोड्याला लागू होत नाही. तो दुखरा पाय वाचवतो, त्यामुळे चारही खूर सारखे झिजत नाहीत.

खर्च वाचला असे वाटते तिथेच चूक शिरते, आणि ती चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्यात, शिरते. काम थांबले तरी घोडा सांभाळणारा मोतद्दार सवयीने पूर्वीइतकाच हरभरा आणि जव घालतो, घोडा फुगतो, मानेवर चरबीचा कट्टा येतो आणि लॅमिनायटिसचे दार उघडते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेत उभा राहू लागला, खूर तापले, खुरामागची नाडी ठणकताना हाताला लागली, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. दुसरी चूक गव्हाच्या कोंड्याची. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. रोजच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असायला हवे. ते नसले की शरीर हाडांतून कॅल्शियम उपसते, आणि आधीच झिजलेल्या पायांची हाडे आणखी पोकळ होतात. संकरित नेपियर गवतातील ऑक्सलेट हे द्रव्यही कॅल्शियम अडवून धरते. हा चारा मुख्य आहार असेल तर सोबत थोडा लसूणघास द्यावा. सुमारे ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा, खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी पुरते, बशर्ते दात शाबूत असतील. चघळून चघळून चाऱ्याचे बोळे खाली टाकणारा घोडा नखरे करीत नसतो. त्याला चावता येत नसते, आणि त्याला भिजवलेला, बारीक केलेला आहार लागतो. पंधरा वर्षांपुढच्या घोड्याची लव लांब, कुरळी होऊन उन्हाळ्यातही झडत नसेल, तर तो पियूषिका ग्रंथीच्या विकाराचा संशय आहे, आणि अशा घोड्याला लॅमिनायटिसचा धोका दुप्पट सावधपणे पाहावा.

पावसाळ्यासाठी कुरणात एक उंच, कोरडी जागा लागते. मुरमाचा दाबलेला ओटा आणि वर छप्पर एवढे पुरते. काळ्या मातीत दिवसचे दिवस उभा राहिलेला खूर मधल्या खाचेत कुजू लागतो, काळा, घाण वासाचा स्राव येतो, आणि मऊ पडलेल्या तळव्यातून खडा सहज आत जातो. काल बरा असलेला घोडा आज पाय टेकवत नसेल, तर जुने दुखणे उसळले असे मानण्यापूर्वी खुरात पू झाला आहे का हे पाहावे. तो बाहेर काढला की घोड्याला काही दिवसांत आराम पडतो. धनुर्वाताची लस चुकवू नये, कारण या रोगापुढे घोडा फार दुबळा असतो. पावसात गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा रोगही पसरतो, म्हणून ताप आणि अंगावर सूज यांकडे लक्ष ठेवावे. आणि घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, म्हणून कुरणावर सोबतीला दुसरा घोडा असावा, निदान एखादे गाढव तरी.

एका गोष्टीबद्दल आपल्याकडे बोलणे टाळले जाते. योग्य छाटणी, आहार आणि जमीन देऊनही काही महिन्यांत घोडा चालत पाण्यापर्यंत जाईनासा झाला, दिवसाचा बहुतेक वेळ आडवा राहू लागला, तर रोजच्या वेदनाशामकावर त्याला ओढत नेणे योग्य नाही. त्या औषधांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडांनाही इजा होते. तेव्हा पशुवैद्याच्या हस्ते त्याला शांतपणे निरोप देण्याचा निर्णय मालकानेच घ्यायचा असतो. त्यानंतर शव उघड्यावर टाकू नये. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर २००६ पासून आणि केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ पासून बंदी आली, ती गिधाडे मृत जनावरांतून ही औषधे खाऊन मेली म्हणून. निरोपासाठी वापरलेले गुंगीचे औषधही मांसात तसेच राहते, त्यामुळे शव खोल खड्ड्यात, विहीर आणि ओढ्यापासून दूर पुरावे, आणि त्यासाठी जागा व खोदणारे यंत्र यांची सोय आधीच करून ठेवावी.