बातमी शेवटी येते

[दृश्य : माद्रिदमधला एक बार, कोपऱ्यात टीव्ही. पडद्यावर तारीख : ११ जुलै २०१०]

जोहान्सबर्गला फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत चालू आहे. स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. नव्वद मिनिटं सरली, जादा वेळही सरत आली, पाटी कोरीच. आणि ११६व्या मिनिटाला गोल होतो.

समजा, नेमका त्याच वेळी एक जण सिगारेट ओढायला बाहेर गेलाय. आरडाओरडा ऐकून तो धावत आत येतो आणि विचारतो, 'कियेन आ मार्कादो?' कोणी मारला?

उत्तर येतं, 'आ मार्कादो इनिएस्ता.'

म्हणजे आधी 'मारला', मग 'इनिएस्तानं'. क्रियापद पुढे आणि कर्ता पार शेवटी.

स्पॅनिशच्या पहिल्या धड्यात मात्र वेगळंच शिकवतात : कर्ता, क्रियापद, कर्म. 'इनिएस्ता मार्को एल गोल.' हेही वाक्य अगदी बरोबर. इनिएस्ताविषयीच बोलणं चाललं असेल, किंवा घडलेलं सगळंच नव्यानं सांगायचं असेल, तर ते शोभतं. पण इथे गोल झालाय हे अख्ख्या बारला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त नाव. म्हणून नावाला शेवटची जागा, आणि आवाजाचा जोरही तिथेच.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याच गोलाची चर्चा निघाली, तर वाक्य आणखी फिरतं : 'एल गोल लो मार्को इनिएस्ता.' आता कर्म सगळ्यांत पुढे आलं. ते आपल्या जागेवरून हललं म्हणून क्रियापदाआधी 'लो' हे चिमुकलं सर्वनाम येऊन बसलं, आणि कर्ता पुन्हा शेवटी.

मराठीत आपण काय म्हणू? 'गोल इनिएस्तानं मारला.' आपलीही नवी माहिती मागेच सरकते, फक्त क्रियापद तिला दार ओलांडू देत नाही. ती त्याच्या अलीकडे थांबते. पुण्यामुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्याला शब्द मागेपुढे करण्याचं नवल वाटायचं कारण नाही. त्याला सवय करायची ती क्रियापदानंतरच्या मोकळ्या जागेची.

[दृश्य : मेट्रोचा फलाट, बोगद्यात दिवे]

फलाटावर उभं असताना शेजारचा म्हणतो, 'या ब्येने एल त्रेन.' आली बघा गाडी. इथे कुणी काही विचारलेलं नाही, तरी क्रियापद आधी. येणं, जाणं, उगवणं, मरणं, उरणं अशा क्रियापदांचा कर्ता काही करत नसतो, तो नुसता प्रकट होतो किंवा नाहीसा होतो. असा कर्ता स्पॅनिशमध्ये सहज मागे बसतो. 'एल त्रेन या ब्येने' असंही म्हणतात, पण तेव्हा गाडीचा विषय आधीच निघालेला असतो.

वर्तमानपत्रांचे मथळे पाहा. कुणी नामवंत गेलं की स्पॅनिश मथळा बहुधा 'मुएरे' या क्रियापदानंच सुरू होतो आणि नाव मागून येतं. आपल्याकडे '... यांचे निधन', म्हणजे नाव आधी. घराच्या बाल्कनीवर 'से बेन्दे पीसो' अशी पाटी दिसते. फ्लॅट विकणे आहे. इथेही विकणं आधी, फ्लॅट नंतर.

[दृश्य : सालामांका, विद्यापीठाचा जुना दगडी दर्शनी भाग]

१४९२ साली, कोलंबस निघाला त्याच वर्षी, आंतोनियो दे नेब्रिखानं सालामांकात स्पॅनिशचं व्याकरण छापलं आणि राणी इसाबेलला अर्पण केलं. शब्दक्रमावर त्यात एक प्रकरण आहे. त्याच्या मते जे निसर्गतः आधीचं किंवा मानानं मोठं, ते आधी बोलावं : पूर्व मग पश्चिम, आकाश मग पृथ्वी, दिवस मग रात्र, उजेड मग अंधार. जोडशब्दांपुरतं ते चालून जाईल. पण 'या ब्येने एल त्रेन' म्हणणाऱ्याला गाडीच्या मानपानाशी काय देणंघेणं? ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे, इकडे त्याचं लक्ष असतं.

शब्द असे फिरवले तर कोणी कोणाला काय केलं, याचा घोटाळा का होत नाही? कुत्र्याचंच बघा. 'आ पेद्रो लो मोर्दियो एल पेर्रो.' पेद्रोला कुत्रा चावला. पेद्रो पहिला, कुत्रा शेवटचा, तरी चावलं कोण याची शंका नाही, कारण पेद्रोआधी 'आ' आहे. हा 'आ' म्हणजे जवळपास आपला '-ला'. आणि खोडीही तीच! 'मी घर पाहिलं' इथे '-ला' नाही, 'मी मारियाला पाहिलं' इथे आहे. स्पॅनिशमध्येही घराला 'आ' लागत नाही, मारियाला लागतो. लॅटिनची नामांची विभक्ती झडून गेली, तेव्हा या एवढ्याशा अक्षरानं बराच भार उचलला.

'मे गुस्तान लोस मांगोस' हे वाक्य मराठी माणसाला तर फुकटात मिळतं. मला आंबे आवडतात. आवडणारा 'ला'मध्ये, आंबे अनेकवचनी म्हणून क्रियापदही अनेकवचनी. इंग्रजीतून स्पॅनिशकडे येणारे इथे हमखास अडखळतात.

[दृश्य : जुनं हस्तलिखित, पान उलटतं]

एक गोष्ट मात्र हलत नाही. तो चिमुकला 'लो'. साध्या विधानात त्याची जागा ठरलेली : क्रियापदाच्या अगदी आधी, मध्ये दुसरा शब्द खपत नाही. आठशे वर्षांपूर्वी नियम निराळा होता. तेव्हा अशा सर्वनामानं वाक्य सुरू करता येत नसे, ते क्रियापदाच्या शेपटाला चिकटायचं. ती रीत आता गोष्टींत उरलीय. आपली गोष्ट 'आटपाट नगर होतं' अशी सुरू होते आणि 'होतं' शेवटी असतं. स्पॅनिश गोष्ट 'एरासे उना बेस' अशी उघडते : 'एरा' म्हणजे होता, त्याला चिकटलेला 'से', आणि राजा यायचा अजून बाकी.

[दृश्य : मेक्सिको सिटी, रस्त्यावरची वर्दळ]

बातमी शेवटी, हा नियम व्याकरणाच्या पुस्तकांत फार नीटनेटका दिसतो. मेक्सिकोतल्या स्पॅनिशवर झालेल्या प्रयोगांत तो तितका कडक ठरला नाही. कोणी केलं असं विचारल्यावर कर्ता पुढेच ठेवायचा आणि त्याच्यावर आवाज चढवायचा, हेही लोकांना चालतं, कित्येकदा तेच जास्त पसंत पडतं. माद्रिदच्या बारमध्येसुद्धा त्या रात्री कुणी नुसतं 'इनिएस्ता!' एवढंच ओरडलं असेल, तर त्याला क्रियापदाची गरजच पडली नसेल.