‘पाय कसे आहेत?’ याच्या पुढचा प्रश्न

[दृश्य: न्यूरॉलॉजीची ओपीडी, सकाळची वेळ. बाकांवर दाटीने बसलेले रुग्ण, मांडीवर एमआरआयची मोठी पाकिटं.]

निवेदन:
न्यूरॉलॉजीच्या ओपीडीतल्या तपासणीचा क्रम ठरलेला असतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतात. डोळ्यांसमोर बोट धरून डावीकडे-उजवीकडे नेतात. पायाच्या अंगठ्याला ट्यूनिंग फोर्क लावून विचारतात, थरथर जाणवते का? मग टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगतात. मुंग्या? अंधारी? लघवीची घाई? नवीन काही नाही ना? मग गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी या.

दाराबाहेर रांग ताटकळलेली असते, त्यामुळे डॉक्टरांवर राग धरण्यात अर्थ नाही. पण झोप लागते का, जीव कशात रमतो का, उगाच धडधडतं का, हे विचारायचं राहून जातं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या कितीतरी जणांचा दिवस पायांमुळे नाही, तर नेमका याच गोष्टींमुळे बिघडलेला असतो.

[दृश्य: एमआरआयची फिल्म प्रकाशासमोर धरलेली. मेंदूच्या छेदात पांढरे ठिपके.]

एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवर उलटते. मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचं आवरण असतं, ते जागोजागी झिजतं आणि संदेश अडखळतात. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. जगात आज सुमारे २९ लाख लोकांना एमएस आहे. निदान बहुधा विशी ते चाळिशीत होतं आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात. म्हणजे नोकरी नुकती लागलेली असते, लग्न ठरत असतं किंवा मूल लहान असतं.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. मुंबईचा मात्र त्याच्याशी जुना संबंध आहे. न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजाचा अभ्यास केला आणि या समाजात एमएसचं प्रमाण जास्त असल्याचं १९९० साली दाखवून दिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही १९८५ साली याच शहरात सुरू झाली.

[दृश्य: डोंबिवली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकघराची खिडकी. एका बाईंचे हात, चेहरा नाही.]

या बाई बँकेत काम करतात. नाव आणि चेहरा दाखवायचा नाही, ही त्यांची अट. सोसायटीत कुणाला माहीत नाही, माहेरीही निम्म्या लोकांना नाही. धाकट्या नणंदेचं लग्न ठरेपर्यंत कुठे बोलायचं नाही, असं घरात ठरलं होतं. लग्न झालं, नणंदेला मूलही झालं, पण न बोलण्याची सवय तशीच राहिली.

सकाळी उठल्या की पलंगावर बसूनच त्या आधी पायाची बोटं हलवून बघतात. मग एक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचतात, मग दुसरा झाकून. पाच वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याला एकाएकी धुरकट दिसायला लागलं आणि तिथून निदान झालं. तेव्हापासून ही परीक्षा रोजची. पोळ्या लाटताना बोट बधिर झालं की लाटणं खाली ठेवायचं, हात चोळायचा, परत बघायचं. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या कुणालाही येतात. त्यांच्या मनात मात्र लगेच येतं, एमएसचा नवा अटॅक आला का? आता परत सलाइन? परत रजा? साहेबांना काय सांगायचं?

घरचे म्हणतात, तू फार विचार करतेस.

[दृश्य: दुपारचं ऊन, रेल्वेचा पूल, माणसांचे लोंढे.]

त्यात मुंबईची हवा. अंगातली उष्णता जराशी वाढली तरी एमएसची जुनी लक्षणं डोकं वर काढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी १८९० साली हे नोंदवून ठेवलं, आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये पूल चढून गेलं की नजर अंधुक होते, पाय ओढले जातात. सावलीत बसलं, मानेवर ओला रुमाल ठेवला की उतरतं. यातून नवीन इजा होत नाही. खरा अटॅक वेगळा. त्यात ताप नसताना, कुठला संसर्ग नसताना, नवीन लक्षण निदान २४ तास टिकून राहतं. हा फरक कुणीतरी शांतपणे बसून समजावला, तर चिंतेचा मोठा भाग तिथेच हलका होतो. पाच मिनिटं लागतात. बाईंना तो कळला निदानानंतर तिसऱ्या वर्षी, शेजारच्या बाकावरच्या दुसऱ्या रुग्णाकडून.

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात वेगळाच ताण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. पण काठी नाही, कुबडी नाही, नीटनेटकी साडी नेसलेली बाई बघून डब्यातलं कुणीतरी विचारतंच, “मॅडम, तुम्ही इकडे कशा? चांगल्या धडधाकट दिसताय की.” मग पर्समधून कार्ड काढायचं आणि अनोळखी माणसाला आपला आजार समजावायचा. बाईंनी शेवटी तो डबा सोडला. लेडीज डब्यात लटकत जातात. दमून घरी येतात, आणि सगळे म्हणतात की हल्ली ही बोलतच नाही.

[दृश्य: काळी पाटी, पांढऱ्या अक्षरात आकडे.]

आता आकडे बघू. जगभरातल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१७ साली जो हिशोब मांडला गेला, त्यात एमएसच्या रुग्णांमध्ये नैराश्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के आणि चिंतेचं सुमारे २२ टक्के निघालं. इतर लोकांपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. आत्महत्येचा धोकाही सुमारे दुप्पट मानला जातो.

आजारपण म्हटलं की माणूस खचणारच, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. ज्या मेंदूत मायलिन झिजतंय, त्याच मेंदूत मनःस्थिती सांभाळणाऱ्या वाटाही आहेत. तिथे सूज आली, डाग पडले, तर नैराश्य हे थेट आजाराचंच लक्षण असू शकतं, जसं अंधुक दिसणं किंवा तोल जाणं. म्हणूनच व्हीलचेअरवरचा माणूस आनंदात असू शकतो आणि धावत गाडी पकडणारा आतून पार कोसळलेला असू शकतो. पायांची अवस्था बघून मनाचा अंदाज बांधता येत नाही.

औषधांचाही हात असतो. अटॅक आला की स्टेरॉइड देतात, बहुधा रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस, सलाइनमधून. त्या दिवसांत झोप उडते, काहींना एकदम हुरूप येतो, आणि कोर्स संपल्यावर मन धाडकन खाली येतं. हे आधी सांगितलेलं असेल तर घरातली निम्मी भांडणं टळतील. एमएसवर दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉन या औषधाच्या माहितीपत्रकात नैराश्याबद्दल इशारा छापलेला असतो. तो वाचून घ्या, आणि आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काही रुग्णांना दुःख नसताना रडू फुटतं किंवा नको त्या वेळी हसू आवरत नाही. तो मेंदूतल्या नियंत्रणाचा बिघाड आहे, त्यावर वेगळी औषधं आहेत. सुतकाच्या घरी हसू फुटलेल्या माणसाला नातेवाईक वर्षानुवर्षं माफ करत नाहीत. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

[दृश्य: पुन्हा डोंबिवलीचं घर. संध्याकाळ. गच्चीवरच्या कुंड्या.]

एमएसचा थकवा आणि नैराश्य एकमेकांत मिसळून जातात, आणि इथेच डॉक्टरसुद्धा फसतात. झोप, भूक, लक्ष न लागणं, दोन्हीकडे सारखंच. थोडा उलगडा होतो तो इच्छेपाशी. नुसता थकवा असेल तर माणसाला बाहेर जायचं असतं, पण शरीर साथ देत नाही. नैराश्यात जावंसंच वाटत नाही. बाईंना कुंड्यांचा नाद होता. रविवारी तासन्‌तास माती कालवत बसायच्या. एका पावसाळ्यानंतर त्यांनी कुंड्यांकडे बघणं सोडलं. तुळससुद्धा सासूबाईंनी पाणी घालून जगवली.

हे नवऱ्याच्या लक्षात आलं. पुढच्या खेपेला ओपीडीत तेच बोलले, “डॉक्टर, पाय ठीक आहेत तिचे. पण ती कुंड्यांना हात लावत नाही.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश वाटत होतं का? आवडत्या गोष्टींतला रस गेला होता का?

बाईंनी दोन्हींना हो म्हटलं. त्यापुढे त्यांना अर्धा तास बोलता आलं नाही.

हे दोन प्रश्न एमएसच्या रुग्णांसाठीही उपयोगी ठरल्याचं संशोधनात दिसलं आहे. एकाचं जरी उत्तर हो आलं, तरी पुढची नीट तपासणी व्हायला हवी. आणि जगावंसं वाटत नाही असं कधी येतं का मनात, हेही स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं की माणूस मोकळा होतो.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. नैराश्यावरची नेहमीची औषधं एमएसमध्येही देता येतात, फक्त बाकीच्या गोळ्यांशी मेळ घालून. विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी उपयोगी पडते, आणि ती फोनवरून दिली तरी फायदा होतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. मुंबईत याची किंमत वेगळी सांगायला नको. समुपदेशनासाठी दोन गाड्या बदलून, पूल चढून जायचं म्हटलं तर निम्मे लोक दुसऱ्या खेपेला येतच नाहीत. झेपेल तेवढा नियमित व्यायामही मनाला हात देतो. नैराश्यावर उपचार झाले की एमएसचं मूळ औषधही लोक नीट घेऊ लागतात. हा फायदा कुठल्याच एमआरआयमध्ये दिसत नाही, पण न्यूरॉलॉजिस्टने तो मनावर घ्यावा इतका मोठा आहे.

बाईंची गोळी सुरू झाली, आठवड्याला एकदा फोनवर समुपदेशन सुरू झालं. दोन-तीन महिने काही विशेष वाटलं नाही. मग एका रविवारी त्यांनी मोगऱ्याची कुंडी बदलली, आणि लगेच दमून झोपल्या. थकवा आहेच, तो गेलेला नाही. सकाळी कॅलेंडर वाचणं अजून चालू आहे, पण आता एकदाच वाचतात.

[दृश्य: नवऱ्याच्या हातात औषधांचा डबा. कप्प्यांवर वारांची नावं.]

आणि त्यांचे यजमान? सलाइनच्या वेळी रात्री खुर्चीवर बसून काढणारे, रजा संपल्या म्हणून पगार कापून घेणारे, मुलाच्या शाळेत दोघांच्या वतीने जाणारे. सोबत्यालाही चिंता आणि नैराश्य गाठतं, निदानानंतरच्या काळात तर फारच. त्यांना झोप लागते का, हे आम्ही शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, “माझं काय, मी ठीक आहे.” बाई आतून म्हणाल्या, “अहो, खरं सांगा ना.”

[पडद्यावर मजकूर, निवेदकाच्या आवाजात]

टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा. फोन १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. रुग्णांनी करावा, आणि रुग्णांच्या घरच्यांनीही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. तुमच्या पॉलिसीत ते कसं लिहिलंय, ते एजंटला विचारून घ्या.