एक तोळ्याची गोळी आणि सावकाश जळणारी दारू

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

माझा भाचा कॅनडातील अल्बर्टा प्रांतात स्थायिक झाला आहे. तिथे रीतसर परवाना काढून हरणाची आणि मूस या प्रचंड जातीच्या हरणाची शिकार करता येते, आणि आपल्या रायफलीची काडतुसे घरी भरणेही, म्हणजे धातूच्या पुंगळीत बंदुकीची दारू घालून वर गोळी बसवणेही, कायद्याला मान्य आहे. गेल्या वर्षी त्याने मला फोनवर विचारले, ‘‘मामा, हरणासाठी मी १५० ग्रेनची गोळी वापरत आलो. आता मूससाठी १८० ग्रेनची, जमल्यास २२० ग्रेनची घ्यायची आहे. दारू तीच ठेवून जरा कमी घालू, की दारूच बदलू?’’ मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. माझ्या विषयातला इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला दिलेले उत्तर आहे, थोडे विस्ताराने. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे, आणि परवान्यावाचून काडतुसे भरणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे; तेव्हा इथे कुणी हे करून पाहावे असा माझा हेतू मुळीच नाही. त्यामागचे विज्ञान मात्र सर्वांचे आहे.

ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण ते आपल्या तोळ्यातच दडलेले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, ठरवण्यात आला. बारा माशांचा तोळा धरला तर एक मासा १५ ग्रेनचा होतो. म्हणजे माझ्या भाच्याची जुनी गोळी दहा माशांची होती, नवी बरोबर एक तोळ्याची, आणि २२० ग्रेनची गोळी तोळ्यावर सुमारे पावणेतीन माशांची. त्याची रायफल ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या काडतुसाची आहे. हे काडतूस अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारले. त्याच्या तयार काडतुसांमध्ये १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८८५ मीटर वेगाने बाहेर पडते, १८० ग्रेनची सुमारे ८२० मीटर आणि २२० ग्रेनची सुमारे ७३५ मीटर वेगाने. वेग घटूनही जड गोळी घेण्याचे कारण असे की, व्यास तोच राहून वजन वाढले की गोळी हवेत आपला वेग अधिक टिकवते आणि मोठ्या जनावराच्या अंगात खोलवर जाते.

मुख्य गोष्ट अशी की तिन्ही गोळ्यांना दाबाची कमाल मर्यादा एकच आहे. नळी आणि बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) तेच असतात. त्यांना सोसणारा दाब, म्हणजे चौरस इंचाला ६०,००० पौंड किंवा हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट, गोळी जड केल्याने वाढत नाही. त्यामुळे ‘जड गोळीला जोरदार दारू हवी’ हा समज, जो मी सुशिक्षित माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे, मुळातच चुकीचा आहे. जड गोळीला हवी असते ती सावकाश जळणारी दारू.

असे का, हे समजून घेण्यासाठी काडतुसाच्या आत एक-दीड हजारांश सेकंदात काय घडते ते पाहू. काळी दारू गेल्यानंतर आलेली धूरविरहित दारू, जी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ साली तयार केली, उघड्यावर पेटवली तर पिवळ्या ज्योतीने नुसती जळत राहते. तिचा स्फोट होत नाही. तीच दारू बंद पुंगळीत पेटली की वायूचा दाब वाढतो, आणि दाब वाढला की तिचे जळणेही वेगाने होऊ लागते, त्यातून आणखी वायू, आणखी दाब आणि आणखी वेगाने जळणे, असे चक्र सुरू होते. हे चक्र आवरणारी गोष्ट एकच: गोळी पुढे सरकते आणि तिच्यामागे वायूला जागा मिळत जाते. हलकी गोळी चटकन पळते, मागे मोकळी जागा लवकर तयार होते, आणि दारू जलद असली तरी दाब आटोक्यात राहतो. एक तोळ्याची गोळी जागची लवकर हलत नाही. तेवढ्या वेळात जलद दारूने आपला बहुतेक वायू सोडून दिलेला असतो, तो अरुंद जागेत कोंडतो, आणि गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकते न सरकते तोच दाब शिखर गाठतो. शिखर मर्यादेत ठेवायचे तर जलद दारू कमी घालावी लागते. मग नळीच्या उरलेल्या प्रवासात गोळीला ढकलायला वायूच पुरत नाही.

मी भाच्याला रापणीच्या होडीचा दाखला दिला, कारण लहानपणी आम्ही दोघांनीही ती समुद्रात लोटताना पाहिली आहे. वाळूत रुतलेली जड होडी एका धक्क्याने हलत नाही. दहा जण खांदा लावून सारखा रेटा देतात, होडी हळूहळू सरकू लागते, आणि ती सरकत असताना रेटा टिकवून ठेवला तरच ती लाटेपर्यंत पोचते. सावकाश जळणारी दारू हेच करते. ती दाबाचे शिखर मर्यादेच्या आत ठेवते आणि गोळी नळीतून धावत असताना मागून वायू पुरवत राहते. तिच्यात ऊर्जा कमी नसते. ती ऊर्जा अधिक वेळात सोडली जाते.

हे ज्ञान आजचे नाही. पणजी राजधानी होण्यापूर्वी गोव्याचे व्हाइसरॉय पणेलीच्या ज्या वाड्यात राहत, त्याचे नाव तिथल्या दारूच्या कारखान्यावरून ‘काझा दा पोल्वोरा’, म्हणजे दारूघर, असे पडले होते. त्या काळी साधारण तीन चतुर्थांश सोरा आणि बाकी कोळसा व गंधक अशी काळी दारू असे, आणि बंदुकी-तोफांच्या जगात सगळीकडेच एक गोष्ट कारागिरांना अनुभवाने ठाऊक होती: बंदुकीच्या कानात, म्हणजे आग आत नेणाऱ्या भोकात, घालायची रंजक अगदी बारीक, ठासणीच्या बंदुकीची दारू त्याहून जाड आणि तोफेची चांगली जाड दाण्याची. जाड दाण्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असतो, म्हणून तो सावकाश जळतो, आणि तोफेचा जड गोळा हलेपर्यंत धीर धरतो. पुढे १८६० च्या सुमारास अमेरिकी सैन्यातील थॉमस रॉडमन यांनी मोठ्या तोफांसाठी दारूच्या वड्यांना आरपार भोके पाडली. भरीव दाणा जळताना लहान होत जातो आणि वायू कमी कमी निघतो; भोके असलेली वडी आतूनही जळते, भोके रुंदावत जातात आणि वायू उलट वाढत जातो. आजच्या रायफलीच्या पुष्कळ दारू एका भोकाच्या बारीक नळकांड्यांच्या असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर जळण्याची सुरुवात मंदावणारा रासायनिक थर दिलेला असतो.

आता प्रत्यक्ष निवड. दारूच्या डब्यांवर जे आकडे असतात, ते जळण्याच्या वेगाचे माप नव्हेत, नुसती नावे आहेत. थर्टी-ऑट-सिक्समध्ये सर्वसाधारणपणे १५० ग्रेनच्या गोळीला ४८९५ च्या वर्गातली दारू चालते, १८० ला ४३५० च्या आणि २२० ला ४३५० किंवा ४८३१ च्या वर्गातली. यातल्या ४८३१ ची कथा बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याकडे २० मिलिमीटरच्या तोफांची पुष्कळ दारू उरली होती. ती ब्रूस हॉजडन या गृहस्थांनी विकत घेऊन घरी काडतुसे भरणाऱ्यांना स्वस्तात विकली, आणि तोफेसाठी सावकाश केलेली ती दारू जड गोळीच्या रायफलींना अगदी योग्य ठरली. परंतु पुढे दुसऱ्या कंपनीने त्याच आकड्याची दारू काढली, ती त्याहून जलद आहे. एकीचे प्रमाण दुसरीला लावणे म्हणजे दाबाची मर्यादा ओलांडण्याची वाट. डब्यावरचे पूर्ण नाव वाचावे, आणि ती गोळी, ती दारू आणि ते काडतूस यांच्यासाठी उत्पादकाने छापलेल्या तक्त्यातले आरंभीचे प्रमाणच प्रथम घ्यावे, यात तडजोड नाही.

पुंगळी किती भरते, हेही पाहावे लागते. सावकाश दारू जागा अधिक घेते. तिने पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरते, दाणे इकडेतिकडे हलत नाहीत आणि प्रत्येक बाराला गोळीचा वेग सारखा राहतो. शिवाय चुकून दोनदा दारू पडली तर ती ओसंडून वाहते आणि चूक डोळ्यांना दिसते. उलट फारच सावकाश दारू घेतली तर पुंगळीत पुरेशी मावत नाही आणि नळीतून न जळलेले दाणे बाहेर पडतात. पुंगळी अर्धीच भरेल इतकी कमी सावकाश दारू घालणे तर धोक्याचेच. त्यातून अनपेक्षित उच्च दाब निर्माण झाल्याच्या नोंदी आहेत. जड गोळी लांबही असते, आणि मॅगझिनच्या, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या कप्प्याच्या, लांबीमुळे ती पुंगळीत अधिक खोल बसवावी लागते, म्हणून दारूची जागा आणखी घटते. शिशाऐवजी नुसत्या तांब्याची गोळी घेतली तर हे अधिकच जाणवते, कारण तांबे शिशाहून हलके आहे आणि त्याच वजनाची गोळी आणखी लांब होते. म्हणून १८० ग्रेन एवढा आकडा पाहून एका गोळीचे प्रमाण दुसरीला लावू नये.

उष्णतेविषयी आपल्या देशाला जुना अनुभव आहे. ब्रिटिशांच्या जुन्या हत्तीमार रायफली कॉर्डाइट या दारूवर चालत, आणि कॉर्डाइट उन्हात तापले की दाब वाढे. म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी दारूचे प्रमाण कमी ठेवलेली काडतुसे भरली जात. त्या रायफलींपैकी ‘फोर-फिफ्टी नायट्रो एक्स्प्रेस’ची पुंगळी सव्वातीन इंच लांब होती, तीत ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी असे, मोठी पुंगळी आणि कमी दाब, हेतू हा की तापलेल्या बंदुकीतूनही रिकामी पुंगळी सहज निघावी. आजच्या काही दारू तापमानाने फारशा बदलत नाहीत, पण कोणतीच दारू पूर्णपणे अलिप्त नाही. आर्द्रतेचेही तसेच आहे: दारू ओलावा धरते तेव्हा सावकाश जळते आणि कोरडी पडली की जलद. आपल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा म्हणूनच विश्वासाचा राहत नाही.

माझ्या भाच्याने शेवटी ४३५० च्या वर्गातली दारू आणि १८० ग्रेनची गोळी निवडली. जुलैच्या उन्हात तो तक्त्यातल्या आरंभीच्या प्रमाणापासून लहान लहान पायऱ्यांनी वर गेला, प्रत्येक बाराला गोळीचा वेग मापकावर नोंदवत, प्रायमर (पुंगळीच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी) चपटा होतो का आणि बोल्ट उचलताना जड जातो का, ही दाब वाढल्याची लक्षणे पाहत. कमाल प्रमाणाच्या अलीकडेच बोल्ट किंचित अडला, तेव्हा तो दोन पायऱ्या मागे आला आणि तिथेच थांबला. नोव्हेंबरात, शून्याखाली वीस अंशांच्या थंडीत, तीच काडतुसे उन्हाळ्यापेक्षा कमी वेग देऊ लागली. त्याने पुन्हा फोन केला, ‘‘मामा, उरलेला वेग भरून काढायला चिमूटभर दारू वाढवू का?’’ मी नको म्हटले. कारण थंडीसाठी वाढवलेले ते काडतूस एखाद्या खोक्यात राहून जाईल, पुढच्या जुलैत गाडीच्या तापलेल्या टपाखाली पडून असेल, आणि त्याच रायफलीत घातले जाईल. त्याने दारूला हात लावला नाही. दुर्बिणीचा नेम थंडीच्या वेगाला जुळवून घेतला.