कंबर जास्त दुखते की पाय?

नमस्कार मंडळी. मी भूलतज्ज्ञ, पण आता बरीच वर्षं दुखण्याचीच ओपीडी चालवतो, आणि माझ्याकडे पेशंट आला की एमआरआयची ती मोठी पिशवी टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, डॉक्टर, गॅप आलाय, इंजेक्शन देऊन टाका. मी पिशवी उघडतच नाही. आधी विचारतो, कंबर जास्त दुखते की पाय? कारण काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते हो, नुसता फोटो बघून सुई मारायची नसते.

कळ कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत, पार पावलापर्यंत जात असेल, शिंक आली की वीज चमकल्यासारखं होत असेल, तर ते बहुतेक नसेचं दुखणं. कमरेतल्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एखादी बाहेर येऊन नसेला टेकते आणि नस सुजते. एपिड्युरल इंजेक्शन, म्हणजे मणक्याच्या पोकळीत नसांच्या आवरणाबाहेर दिलेलं इंजेक्शन, या सुजेसाठी असतं, थोडं स्टेरॉइड आणि बरेचदा सोबत बधिर करणारं औषध. गादी त्यानं आत जात नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. दुखणं काही आठवडे, कधी काही महिने कमी होतं आणि तेवढ्यात चालणं, व्यायाम सुरू करता येतो. तसंही बऱ्याच जणांची सायटिका, म्हणजे हे पायात जाणारं नसेचं दुखणं, ६ ते १२ आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून पहिल्याच आठवड्यात घाई नको.

सुई तीन वाटांनी जाते. माकडहाडाच्या जरा वरून, दोन मणक्यांच्या मधून, नाहीतर बाजूनं, नस जिथून बाहेर पडते त्या छिद्राशी. पहिली वाट फार जुनी, १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि काथलँ या दोघांनी वेगवेगळी शोधलेली, तेव्हा औषध होतं कोकेन! आता पालथं झोपवून सी-आर्म एक्स-रेवर बघत सुई नेतो, आधी डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडतो, तो नसेभोवती नीट पसरला, रक्तवाहिनीत गेला नाही, हे दिसलं की मगच औषध.

शुगर असेल तर आधी सांगा, स्टेरॉइडनं ती काही दिवस चढते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवायचं.

आणि पाय दुखताना लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, तर इंजेक्शनची अपॉइंटमेंट घेत बसू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, तिथे ऑपरेशन लागू शकतं आणि ते लवकर व्हावं लागतं.