भांडवली खर्च आणि शेवटची चारी

मित्रहो, अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी भांडवली खर्चाचा, म्हणजे टिकाऊ मत्ता उभारण्यावरच्या खर्चाचा, आकडा ठळक छापून येतो. केंद्राने २०२५-२६ साठी तो ११.२१ लाख कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.१ टक्के, इतका ठरवला. रस्ते, धरणे, लोहमार्ग यांवरचा खर्च आज मजुराच्या हाती पैसा देतो आणि पुढे वाहतूक स्वस्त करून, पाणी-वीज पुरवून खासगी गुंतवणुकीलाही वाट करून देतो, हे अर्थशास्त्राचे म्हणणे मला मान्य आहे. अडचण आहे ती त्या ‘पुढे’ या शब्दाची.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि बीडपर्यंत गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. या तीस वर्षांत मातीचा भराव पडला, पूल झाले आणि त्या-त्या वर्षीचा बांधकामाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जमाही झाला. पण रूळ नसलेल्या भरावावरून कापसाची एक गाठसुद्धा जात नाही. जमीन पिकाखालून गेली, खर्च अनेक पटींनी वाढला, आणि बीडचा ऊसतोड कामगार दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ट्रकमधूनच पश्चिम महाराष्ट्रात जात राहिला.

काम पूर्ण झाले तरी प्रश्न संपत नाही. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये धरण राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणीकडे येतो. माझ्या मामांचे शेत त्याच्याच एका पोटचारीच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या, टोकाला आहे. तिथे अस्तराच्या भेगांतून बाभळी उगवल्या आहेत, दाराचे लोखंड केव्हाच भंगारात गेले आहे, आणि मामा आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्याची बातमी ऐकून रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतात, कारण वरच्या अंगाला कालव्यात पाणी उपसणाऱ्या किती मोटारी पडतील याचा नेम नाही. पाणी आले नाही, तर मामा विहीर खोल करतात. म्हणजे सरकारी गुंतवणूक असूनही त्यांना स्वतःच्या खिशातून दुसरी गुंतवणूक करावी लागते.

आता हिशेबाची गंमत पाहा. नवा कालवा हा भांडवली खर्च. त्याच कालव्याचा गाळ काढणे, दार बसवणे हा सामान्यतः महसुली, म्हणजे सरकारचा नेहमीचा चालू, खर्च. महसुली तूट, म्हणजे हा चालू खर्च महसुली उत्पन्नापेक्षा जितका जास्त तो फरक, कमी दाखवायची असली की कात्री आधी देखभालीवर चालते, कारण पगार, व्याज आणि निवृत्तिवेतन यांना हात लावता येत नाही. त्यामुळे जुनी मत्ता झिजत असताना नव्या मत्तेचा आकडा वाढत जातो, आणि वाढीच्या आकडेमोडीत ही झीज पुरेशी दिसत नाही. वाढीचा दर मोजणाऱ्यांना म्हणूनच मी दोनच गोष्टी विचारतो : मंजूर कामांपैकी किती वापरात आली, आणि वापरात आलेल्या कालव्याच्या शेवटच्या दारातून गेल्या रब्बीत किती पाळ्या मिळाल्या?