समन्स आल्यानंतरचे तीस दिवस

(दृश्य : कोल्हापूर, कसबा बावडा, जिल्हा न्यायालयाचं आवार. कोर्टाच्या दालनाबाहेरची गर्दी.)

अकरा वाजले की पुकारे सुरू होतात. वादी अमुक, प्रतिवादी तमुक. नाव घेतलं की काळ्या कोटातलं कुणीतरी पुढं होतं आणि काम चालू लागतं. एखाद्या नावाला मात्र कुणी वकील उठत नाही. मागच्या बाकावरून एक बाई अर्धवट उभी राहते, कागदांची पिशवी घट्ट धरून. आपण तारखेला हजर आहोत, म्हणजे आपलं काम झालं, असं तिला मनापासून वाटत असतं.

पण दिवाणी दावा नुसत्या हजेरीवर लढता येत नाही. कोर्टाच्या बेलिफाच्या हातून समन्स मिळालं की ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यावी लागते. कारण पटलं तर कोर्ट मुदत वाढवतं, तीही साधारण ९० दिवसांपर्यंत. कैफियतच आली नाही, तर वादीचं म्हणणं खोडायला कोर्टापुढं काहीच उरत नाही. तारखेला कुणी गेलंच नाही, तर दावा एकतर्फा चालतो आणि हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निर्णय, होतो. तो रद्द करून मागायचा, तर त्यालाही मुदत ३० दिवसांचीच.

फौजदारीत आरोपीला वकील परवडत नसेल, तर न्यायाधीश स्वतः चौकशी करून वकील नेमून देतात. दिवाणीत तसं आपसूक होत नाही. राहतं घर जाणार असलं, तरी वकील मागावा लागतो. आणि मागता येतो हेच कितीतरी लोकांना माहीत नसतं.

(दृश्य : टेबलावर पसरलेले कागद. वकिलाचे हात.)

मदत करणारे वकील दोन वाटांनी येतात. काही जण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असतात. त्यांचं मानधन प्राधिकरण देतं, पक्षकारानं एक रुपयाही द्यायचा नसतो. काही जण मात्र स्वतःहून, बिनफीचं वकीलपत्र दाखल करतात. दोघांचंही पहिलं काम एकच : पिशवी रिकामी करणं. सातबारा, फेरफाराचा उतारा, घरफाळ्याच्या पावत्या, जुनं लाईट बिल, आणि सगळ्यांत खाली समन्स.

"मावशी, हा कागद कधी आला घरात?"

"दिवाळीच्या आदी आला बघा साहेब. भाऊ म्हणला, त्यात काय न्हाई, ठेव तसाच."

वडिलार्जित जमिनीच्या वाटपाचे दावे इथं नवे नाहीत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी गावोगाव भेटतात.

पुराचं तर वेगळंच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा घरात शिरली, तेव्हा दस्तही भिजले. हक्क शाबूत, पण पुरावा गेला. मग तलाठ्याकडून, भूमी अभिलेखातून, दुय्यम निबंधकाकडून एकेक नक्कल गोळा करावी लागते. हे काम कुठल्याही निकालपत्रात दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं हेच आहे.

(दृश्य : लोकअदालतीचा दिवस. तडजोडीवर अंगठा.)

इथं वकील नसणं फार महागात पडू शकतं. लोकअदालतीत तडजोड झाली की भांडण मिटतं, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नाही. अंगठा उठवण्याआधी मजकूर आपल्या भाषेत समजावून सांगणारं, आणि गरज पडली तर "मावशी, ही तडजोड नको" असं म्हणणारं आपलं माणूस शेजारी हवंच.

आता अपिलाची वाटही जवळ आली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोर बसतं. सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. ज्याच्याकडं वकीलच नाही, त्याला मात्र ते दारही लांबच.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, पूरग्रस्तांना उत्पन्न न बघता मोफत वकील देऊ केला आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे, आणि उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र दिलं तरी ते ग्राह्य धरता येतं. लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेलं प्राधिकरणाच्या कार्यालयात उतरवून घेतात. मोफत विधी सेवेच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१००.

हा क्रमांक प्रत्येक समन्सच्या माथ्यावर, ठळक मराठीत छापला पाहिजे. शाई तेवढीच लागेल, कागदही तोच. आणि बेलिफानं समन्स हातात देताना बोट ठेवून तो दाखवला पाहिजे, कारण ३० दिवस तिथूनच मोजायला लागतात.