असईची लढाई, घोडबंदर रोडवरून

(दृश्य: बेडरूम. गादी काढलेला पलंग, त्यावर प्लाय, प्लायवर हिरवं कापड. दोन नद्या, एक गाव, पायदळाच्या रांगा.)

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री असईची लढाई छोट्या, रंगवलेल्या सैनिकांनी (मिनिएचरनी) खेळायला मांडली आहे. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला शिंद्यांचं कवायती पायदळ आणि तोफखाना, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली. खेळाडू चार, पण या खोलीत त्यांतला एकही नाही. दोघं नेरुळला, एक ऐरोलीत, एक खारघरला. खोलीत आहे तो फक्त अंपायर. सैनिक तोच हलवतो, टेप तोच लावतो.

व्हिडिओ कॉलवर मिनिएचरची लढाई खेळायची म्हटलं की बहुतेक जण आधी कॅमेरा शोधायला लागतात. कॅमेरा हवाच. पण अंतर किती, कोण कुणाला दिसतं, गोळी पोचते की नाही, हे अंपायर सांगेल तेच खरं. पडद्यावरचं चित्र अंदाजापुरतं. खेळ सुरू होण्याआधी चौघांकडून एवढं कबूल करून घ्यायचं.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते. ती ६ बाय ४ कापायची आणि त्याचेही ३ बाय ४ चे दोन भाग करायचे, म्हणजे लिफ्टमधून नेता येतात आणि खेळ संपल्यावर पलंगाखाली सरकवता येतात. उरलेला २ फुटांचा तुकडा अंपायरचे फासे, टेप आणि मेलेले सैनिक ठेवायला.

पलंगच का? हिशेब बघा. फोनचा मुख्य कॅमेरा व्हिडिओत आडवा साधारण ६५ अंशांचा टापू पाहतो. चौकट १६ बाय ९ ची. तिच्या उंचीत टेबलाचे ४ फूट बसवायचे, तर रुंदीला ७ फूट घ्यावेच लागतात आणि त्यासाठी फोन प्लायपासून साडेपाच फूट वर हवा. डायनिंग टेबल अडीच फूट उंच, म्हणजे फोन जमिनीपासून ८ फुटांवर, अगदी पंख्याच्या पात्यांशी. पलंग दीड फुटाचा असला की काम ७ फुटांत भागतं. अंपायरची कंबर मोडते, ते वेगळं.

वाइड लेन्स लावून फोन खाली आणायचा मोह होतो. त्यात कडेच्या तुकड्या ताणल्यासारख्या दिसतात आणि रात्रीच्या उजेडात चित्राला दाणे येतात. टाळलेलं बरं.

फोन धरायला फोटोग्राफर वापरतात तो बॅकड्रॉप स्टँड सगळ्यात सोपा: दोन पाय, वर आडवी दांडी, दांडीला फोनचा क्लॅम्प. प्लंबरकडच्या पीव्हीसी पाइपची कमानही चालते, पण पाइप १ इंची घ्या. त्याहून बारीक पाइप मधोमध वाकतो आणि कुणी दार लावलं तरी चित्र हलतं. काहीही वापरलं तरी फोन सुतळीने दांडीला बांधायचाच. क्लॅम्प सैल झाला तर फोन पडतो तो थेट मधल्या फळीवर.

पंखा बंद. पात्यांची सावली सतत टेबलावरून फिरते आणि कॅमेरा उजेड-अंधाराचा हिशेब करत बसतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सोपं नाही, आणि उकडतं ते फोनलाही. चार्जिंगला लावलेला, सतत व्हिडिओ पाठवणारा फोन तापून मधेच बंद पडतो. कव्हर काढा, स्क्रीनचा ब्राइटनेस तळाला न्या.

(दृश्य: स्क्रीनवर सरकणारे काळे पट्टे. सेटिंग बदलते, पट्टे जातात.)

हे पट्टे आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेमुळे येतात. साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, आणि कॅमेऱ्याचं सेटिंग ६० हर्ट्झवर असेल तर दोघांचा मेळ बसत नाही. अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर न्या, किंवा शटर १/५० नाहीतर १/१०० ठेवा. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. नाहीतर अंपायरचा हात आत आला की सगळी फौज धूसर होते. दिवे दोन्ही बाजूंनी, तिरके. छपाईवाल्याकडून फ्लेक्सवर रणभूमी छापून आणायची कल्पना छान वाटते, पण फ्लेक्स चकाकतो. सुती कापड बरं.

आता खरी अडचण. १०८० पिक्सेलच्या व्हिडिओत ७ फूट रुंदी म्हणजे इंचाला जेमतेम २२ पिक्सेल, ७२० मध्ये १५. २५ मिलिमीटरच्या बेसवरचा, म्हणजे पायाखालच्या चकतीवरचा, सैनिक म्हणजे एक रंगीत ठिपका. आठवडाभर बसून रंगवलेल्या मिशा कुणाला दिसत नाहीत. वरून दिसतं ते पागोटं, टोपी, खांदे आणि बेस. झेंडा तर नुसती एक रेघ. म्हणून प्रत्येक तुकडीमागे पुठ्ठ्याचा क्रमांक, आकडा पुरता १ इंच उंच. अर्ध्या इंचाचा वाचता येत नाही. बेसची पुढची कड पांढरी, म्हणजे तुकडीचं तोंड कुठे आहे ते कळतं. दर फेरीनंतर अंपायर दुसऱ्या फोनने वरून एक फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाकतो. साधा फोटो म्हणून टाकला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं.

जागा सांगायला टेबलाच्या कडेला फुटाफुटावर खुणा. लांबीला सहा रकाने, रुंदीला चार. रकान्यांना क, ख, ग अशी अक्षरं दिली तर कॉलवर ग आणि घ सारखेच ऐकू येतात. इथे पश्चिमेकडून स्टेशनं घेतली आहेत: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. ‘मुंब्रा ३’ म्हटल्यावर घोळ होत नाही. डावं-उजवं हे शब्द बंद. समोरासमोरच्या दोन खेळाडूंचं डावं एक नसतं. फक्त पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण.

स्क्रीनवर पट्टी धरून मोजायचं नाही, याला कारण आहे. ४ इंच उंच टेकडी टेबलाच्या मध्यापासून ३ फुटांवर असेल, तर तिच्या माथ्यावरची तोफ चित्रात दोन इंचांहून जास्त बाहेर सरकलेली दिसते. तोफेचा पल्ला तेवढ्यावरून ठरू शकतो.

आवाज वरच्या फोनचा घ्यायचा नाही. तो फोन कॉलला ऑडिओशिवाय जोडायचा, माइक अंपायरच्या लॅपटॉपचा. एकाच खोलीत दोन माइक सुरू राहिले की आवाज घुमतो. फासे ज्याचे त्याने घरी, कॅमेऱ्यासमोर, फेल्ट लावलेल्या ताटलीत टाकावेत. स्टीलच्या ताटात टाकले तर कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही.

(दृश्य: नकाशा. केळणा आणि जुई या नद्या, मध्ये असई गाव.)

असई निवडण्यामागे विचार आहे. वेलस्लीला केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि मधे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, असणारच असं त्याने ताडलं. तो तिथून पार झाला. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या पायदळाला शिंद्यांचा युरोपियन सेनानी पोलमन याने पूर्वेकडे वळवलं. दोन्ही बाजू एका टेबलाभोवती उभ्या असल्या की यातलं काहीच लपत नाही. कॉलवर लपतं. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने लष्करासाठी जो खेळ मांडला, त्यात अंपायर मध्ये बसायचा आणि खेळाडू त्याला लेखी हुकूम द्यायचे. इथे ते काम व्हॉट्सअ‍ॅप करतं. हुकमाला तीन मिनिटं, नमुना ठरलेला: ‘क्र. ४, दिवा २, जागेवर, तोंड पूर्वेला, गोळीबार नाही.’ उशीर झाला तर मागचाच हुकूम चालू.

न दिसलेल्या तुकड्या टेबलावर येतच नाहीत. त्या अंपायरच्या कागदी नकाशावर पेन्सिलीने असतात. असई वाचून आलेला खेळाडू पहिल्याच फेरीत त्या उतारावर तोफा रोखतो, म्हणून अंपायर उताराच्या तीन जागा धरतो आणि खरी कोणती ते गुपचूप फासा टाकून ठरवतो.

प्रत्येक बाजूला ८ ते १० तुकड्या पुरेत. त्याहून जास्त झाल्या की अंपायर नुसता हमाल होतो. झूमचा फुकट कॉल ४० मिनिटांनी तुटतो, आणि नेमका घोडदळ भिडलेलं असताना तुटतो. चार फेऱ्यांनंतर स्वतःहून कॉल बंद करून नवी लिंक टाकणं चांगलं. राउटर छोट्या यूपीएसवर आणि लॅपटॉप वायफायऐवजी केबलने, कारण टॉवरमध्ये प्रत्येक मजल्याचं वायफाय एकमेकांवर आदळत असतं.

लढाई एका रात्रीत संपत नाही आणि पलंग झोपायला लागतो. म्हणून उठण्याआधी वरून एक फोटो, चारही कडांनी एकेक, आणि प्रत्येक तुकडीचा क्रमांक, चौकोन, दिशा आणि उरलेली माणसं वहीत. तुकड्या त्याच क्रमाने डब्यात भरल्या, तर पुढच्या शनिवारी मांडणी पटकन होते. वही नसेल तर अर्धा वेळ, ‘माझी तोफ इथे नव्हती’ यातच जातो.